बोटाखालचं नाव

हेझलहोप, डरहॅम परगणा
रविवार, २ फेब्रुवारी १९५८

प्रिय हिल्डा,

तुझं पत्र पोचलं आणि सोबत माझंही परत आलं. अकरा लाल खुणा. मागच्या वेळी नऊ होत्या, म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी माझी प्रगती उलट दिशेने चाललीय. तक्रार करायला तोंड नाही, कारण हे मीच मागून घेतलेलं. सोळाव्या वर्षी मीच तुला लिहिलं होतं की तुला कॉलेजात पाठवलं आणि मला खाणीत, तर माझी पत्रं तपासून परत पाठवत जा, तेवढीच मला शाळा. तेव्हापासून एकेचाळीस वर्षांत तू एक पत्र सोडलं नाहीस. खाणीतल्या घोड्यांनासुद्धा वर्षातून एकदा कुरणात सोडतात.

सगळ्यात जास्त मार मी त्या एकाच जागी खातो. आपल्या गल्लीत लहानथोर सगळे 'मला आणि ऑलिव्ह बाजारात गेलो' असंच म्हणतात, हे तुलाही ठाऊक आहे, तूही दहा वर्षांची होईतो तसंच म्हणायचीस. तू ते इतक्यांदा खोडून 'ऑलिव्ह आणि मी' केलंस, की आता मी धोका पत्करत नाही. जिथे म्हणून आम्ही दोघं येतो तिथे डोळे मिटून 'ऑलिव्ह आणि मी' ठोकून देतो.

इकडे ठीक. मला आता खाणीत न उतरवता वर दिव्यांच्या खोलीत काम दिलंय. खाली उतरणारी पोरं बिल्ला देतात, मी दिवा देतो, वर आली की दिवा घेऊन बिल्ला परत. छातीला बरं पडतं. बागेतल्या लीकच्या रोपांना यंदा मी स्वतःचा जुना कोट पांघरलाय, सप्टेंबरच्या भाज्यांच्या प्रदर्शनात बघू.

ऑलिव्हला जरा बरं नाही. मंगळवारी डॉक्टरांनी ऑलिव्ह आणि मी समोर बसवलं, दार लावून घेतलं आणि बराच वेळ बोलले. माणूस चांगला आहे, घाई केली नाही. तर ऑलिव्हचं म्हणणं असं की ईस्टरला तू इकडे यावंस. आमच्या लग्नानंतर तुमची दोघींची गाठच पडली नाही, बत्तीस वर्षं झाली. पुढच्या खोलीच्या भिंतींना नवा कागद लावून घेतलाय. ती खोली आपण पाद्रीबुवा नि मयताशिवाय कोणासाठी उघडत नाही ते तू विसरली नसशील, तेव्हा मान मिळतोय असं समज.

तुझा भाऊ,
सेप


सॅलिस्बरी
९ फेब्रुवारी १९५८

प्रिय सेप,

तुझे पत्र तपासून सोबत परत पाठवत आहे. या खेपेस सातच चुका आहेत आणि विरामचिन्हे बरीच सुधारली आहेत. मात्र मुख्य दुखणे कायम आहे, किंबहुना ते आता दुसऱ्या बाजूला सरकले आहे.

'ऑलिव्ह आणि मी' हे रूप सभ्य आणि दुसरे गावंढळ, अशी तुझी समजूत झालेली दिसते. तसे नाही. जो करतो त्याचे रूप वेगळे, ज्याच्यावर क्रिया होते त्याचे वेगळे. तुम्ही दोघे बाजारात गेलात, तर 'ऑलिव्ह आणि मी'. पण 'डॉक्टरांनी ऑलिव्ह आणि मी समोर बसवलं' हे कसे चालेल? तिथे 'ऑलिव्हला आणि मला' असेच हवे. ही चूक तू एकटा करत नाहीस. इथे कॅथीड्रलच्या चहापानात उत्तम टोप्या घातलेल्या बायकाही हीच चूक करतात, आणि त्यांना लहानपणी कोणीतरी फार टोकले होते एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या विद्यार्थिनींना मी एक सोपी युक्ती शिकवते. बरोबरच्या माणसाच्या नावावर बोट ठेवायचे, ते झाकायचे. मग उरलेले वाक्य मोठ्याने वाचायचे. 'डॉक्टरांनी मी समोर बसवलं' असे कोणी म्हणेल का? एकटे उरले की माणूस चुकत नाही.

ईस्टरला येणे शक्य दिसत नाही. प्रवेश परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, आणि मुख्याध्यापिकांनी खालच्या वर्गांसाठी व्याकरणाची पुस्तिका लिहायला सांगितली आहे. कर्त्याची आणि कर्माची सर्वनामे हे प्रकरण सध्या हाती आहे. तुझे ते डॉक्टरांचे वाक्य मी नावे बदलून उदाहरणासाठी घेतले आहे, तुझी हरकत नसावी. ऑलिव्हला विश्रांती घ्यायला सांग. हा हवा बदलण्याचा काळ आहे, इथेही निम्मा वर्ग शिंकतो आहे.

तुझी बहीण,
हिल्डा


हेझलहोप
रविवार, ९ मार्च १९५८

प्रिय हिल्डा,

तुझी बोटाची युक्ती आम्ही जेवणाच्या टेबलावर करून बघितली. मी ऑलिव्हच्या नावावर अंगठा ठेवला. माझा अंगठा तू बघितलायस, त्याखाली तिचं नाव गेलंच, वर डॉक्टरही निम्मे गेले. ऑलिव्ह म्हणाली, "म्हणजे मला झाकल्याशिवाय तुझं वाक्य सरळ व्हायचं नाही तर." खूप हसली. मग खोकली, मग पुन्हा हसली.

उदाहरण घेतलंस ते बरं केलंस. आपलं नाव नाही तरी आपलं वाक्य छापून येणार म्हणून ऑलिव्हने शेजारी जाऊन सांगितलं. शेजारी म्हणजे बेसी चार्लटन, कुंपणापलीकडची, तिच्यापर्यंत चालत जाऊन आली.

पलंग खाली स्वयंपाकघरात आणलाय, चुलीजवळ. जिना तिला आता नको वाटतो. पुढच्या खोलीत लावू म्हटलं, तिथे उजेड चांगला येतो, तर ऐकेना. तिथे हिल्डा बसायची आहे म्हणाली. शेगडीत कागद, काटक्या, कोळसा सगळं रचून ठेवलंय, काडी लावायची तेवढी बाकी. जुन्या कोटांच्या चिंध्या काढून तुझ्या पायाखाली घालायला नवी चटईही करायला घेतलीय. मध्ये लाल चौकट आहे. लाल तुला आवडतो हे मीच तिला सांगितलं, चेष्टेने.

एक गोष्ट लिहितो, राग मानू नकोस. लग्नाच्या जेवणात ऑलिव्ह उठून म्हणाली होती, 'मला आणि सेप टोकाच्या घरात राहणार.' तू टेबलापलीकडून म्हणालीस, 'सेप आणि मी'. सगळे हसले, बँडवालेसुद्धा. तीही हसली. पण त्यानंतर तुझ्या पत्राखाली दोन ओळी लिही म्हटलं तरी ती पेन हातात घेत नाही, सेप तूच लिही म्हणते. तिच्या मनात काही नाही हं. ती रागावलेली असेल असं तुला वाटत असेल, तर ती रागावलेली नाही, एवढं तुझ्यासमोर बसून तिला सांगायचंय. मी म्हटलं मी लिहून कळवतो, तर नको म्हणाली, तोंडाने सांगेन.

ईस्टर सहा एप्रिलला आहे. पेपर इथे घेऊन आलीस तरी चालेल, टेबल रिकामं करून देतो. तिची तब्येत जरा नरमच आहे.

सेप


सॅलिस्बरी
२० एप्रिल १९५८

प्रिय सेप,

उत्तराला उशीर झाला. पेपरांच्या ढिगातून मान वर काढायला फुरसत नव्हती, आणि ईस्टर केव्हा आला नि गेला ते कळलेही नाही.

तुझे पत्र सोबत आहे. दोनच खुणा! एकेचाळीस वर्षांत प्रथमच तुझी सर्व सर्वनामे आपापल्या जागी बसली आहेत. पत्राचा सूर थोडा विस्कळीत आहे, एका परिच्छेदातून दुसऱ्यात उडी मारतोस, पण ते पुढे बघू.

लग्नातला तो प्रसंग मला आठवत नाही. मी तसे म्हणाले असेन तर हेतू वाईट नव्हता. ऑलिव्हला माझा नमस्कार सांग आणि मनाला लावून घेऊ नकोस म्हणावे.

पलंग खाली आणलास हे शहाणपणाचे केलेस, जिने चढून दम लागतो. बीफचा पातळ रस्सा द्यावा, आमच्या वसतिगृहाच्या मेट्रनबाई थकव्यावर तोच देतात. जुलैअखेर मी निवृत्त होत आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नक्की येते. चार दिवस राहीन. ऑलिव्हने माझ्यासाठी काही खटाटोप करू नये.

पुस्तिका छापून आली. एक प्रत पाठवत आहे. पान अठरा बघ.

हिल्डा


हेझलहोप
रविवार, १८ मे १९५८

हिल्डा,

ऑलिव्ह गेली. बुधवारी पहाटे, मी दिव्यांच्या खोलीत जायच्या आधी. काल माती दिली. तार करता आली असती, केली नाही. तू ऑगस्ट म्हणाली होतीस.

तुला आठवतं का ते मला माहीत नाही, कारण लग्नातलंही तुला आठवलं नाही. बापाला खाणीतून फळीवर घालून आणलं तेव्हा आईने तुला आजीकडे पिटाळलं होतं. निरोप काय होता? 'टॉमला जरा लागलंय.' आजीने हातातली कणीक टाकली आणि तशीच धावत आली, हात धुवायलाही थांबली नाही. बापाचा कणा मोडला होता. मी घरात उभा होतो, मी बघितलं तिच्या हाताला पीठ होतं ते. 'जरा लागलंय' म्हणजे काय, 'जरा बरं नाही' म्हणजे काय, हे हेझलहोपमध्ये कोणी कोणाला समजावून सांगत नाही. तो निरोप तू स्वतः नेला होतास. म्हणून मी तुला उलगडून लिहिलं नाही. मला वाटलं, तू धावत येशील.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं तेव्हा त्यांनी आम्हाला तीन महिने सांगितले होते. ते मी तुला कळवलं होतं. तू ते वाक्य दुरुस्त करून पाठवलंस.

पान अठरा बघितलं. ऑलिव्हनेही बघितलं. शेवटच्या आठवड्यात उशीला टेकवून बसवली होती, तेव्हा तिने ते मोठ्याने वाचलं. नावं बदललीस तरी तिने ओळखलं. म्हणाली, "किती चांगलं छापलंय."

पुढच्या खोलीत शेवटी तिलाच ठेवलं. तुझ्यासाठी रचलेल्या शेगडीला बेसीने काडी लावली, कारण माणसं बसणार होती आणि खोली गार होती. चटई पुरी झाली नाही, लाल चौकटीच्या दोनच बाजू झाल्यात.

तुला सांगू नकोस म्हणून तिने बजावलं होतं, पण आता सांगायला हरकत नाही. तू परत पाठवलेलं माझं प्रत्येक पत्र ती एका जाड वहीत उतरवून काढायची. चुकांसकट नाही, तुझ्या दुरुस्तीप्रमाणे, स्वच्छ. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. मग इस्त्री करताना ती वाक्यं मोठ्याने म्हणायची. 'सेप आणि मी चॅपलला गेलो. चॅपलच्या बाईंनी सेपला आणि मला केक दिला.' मी थट्टा करायचो. ती म्हणायची, हिल्डा येईल तेव्हा तिच्यासमोर बसून मी बोलणार आहे, आणि एकही चूक होऊ देणार नाही. त्यासाठी तुला बोलवायचं होतं. रागावले नाही एवढंच सांगायचं नव्हतं. तिला तुझ्याशी बोलता येतं हे दाखवायचं होतं.

तुझ्या युक्तीची आता गरज उरली नाही. डॉक्टरांनी मला कागद दिला. पाद्रीबुवांनी मला विचारलं कोणतं भजन म्हणायचं. बेसीने मला जेवायला बोलावलं, मी गेलो नाही. सगळी वाक्यं पहिल्या झटक्यात बरोबर येतात. झाकायला कोणी नाही.

सेप


सॅलिस्बरी
शुक्रवार, २३ मे १९५८

माझ्या सेप,

तुझं पत्र मी परत पाठवत नाही. सवयीने लाल पेन हातात घेतलं होतं, ते खरं सांगते. पहिल्या ओळीपाशी टोपण काढलं, आणि मग काय वाचतेय ते कळलं. पेन कुठे ठेवलं मला अजून सापडलेलं नाही.

मी तुला काय काय खोटं सांगितलं ते आधी लिहून काढते, नाहीतर लिहिणार नाही. ईस्टरला पेपर नव्हते. ते मार्चमध्येच संपले होते. ईस्टरचे चार दिवस मी खिडकीशी बसून होते आणि रविवारी एकटीने थंड कोकराचं मांस खाल्लं. लग्नातलं मला आठवतं. शब्द न् शब्द आठवतो, बँडवाल्यातला कोण हसला तेही. ऑलिव्हने निळा ड्रेस घातला होता. मी या शाळेत नवी नवी लागले होते, आणि तुम्ही सगळे इतके खुशीत होता की माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. मला वाटलं, निदान मला काय येतं ते तरी कळू दे. बत्तीस वर्षं मला तिच्यासमोर यायची लाज वाटत होती. तिला नाही, मला.

आणखी आहे. इथे स्टाफरूममध्ये माझा भाऊ कॅनडात आहे. मोठा इंजिनिअर आहे. हे मी पहिल्याच वर्षी कोणाला तरी सांगितलं, आणि मग मागे घेता आलं नाही. तुझं पाकीट आलं की त्यावरचा डरहॅमचा शिक्का मी कोटाच्या खिशातच फाडून टाकायचे. पत्रं परत पाठवायचं तू मागितलंस, ते खरं. पण नंतरनंतर परत पाठवताना मला सुटल्यासारखं वाटायचं. ती माझ्या खोलीत राहिली नाहीत की कोणाला दिसणार नाहीत. मी तुझ्यावर उपकार करतेय असं तू समजत होतास, मीही समजत होते.

'जरा बरं नाही' मला कळलं होतं की नाही? रोज स्वतःला विचारते. आजीच्या हाताचं पीठ मलाही आठवतं. मला वाटतं, मला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच मी बोट ठेवून वाक्य वाचत बसले. त्या दारामागे डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं असतं तर मला यावं लागलं असतं. या वसंतात सत्तर मुलींनी वर्गात उभं राहून ते वाक्य मोठ्याने म्हटलं, आणि मी त्यांना शाबासकी दिली.

मला येऊ दे. ऑगस्टमध्ये नाही, आत्ता. राजीनामा टाकते, तसंही दोनच महिने उरलेत. मी स्वयंपाक करीन, दिव्यांच्या खोलीत तुला डबा आणून देईन. मला चटई पुरी करू दे, आईने मला शिकवली होती ती विणायला. तुला बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस.

आणि तुझी पत्रं मला दे. एकेचाळीस वर्षं तू मला लिहीत होतास, आणि आज मी कपाट उघडून बघितलं तर माझ्याकडे तुझं हे एकच पत्र आहे. निदान ऑलिव्हची वही तरी मला वाचू दे. तिचं अक्षर मी कधी बघितलेलं नाही.

तुझी,
हिल्डा


हेझलहोप
रविवार, १५ जून १९५८

हिल्डा,

उत्तराला तीन आठवडे लागले. मी भरभर लिहिणारा नाही, आणि आता विचारायला कोणी शेजारी नसतं.

जुनी पत्रं नाहीत. ऑलिव्हने वहीत उतरवून घेतली की दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला जायची. कागद चांगला असायचा, पटकन धरायचा. आम्ही त्यात काही वावगं मानलं नाही, स्वच्छ प्रत घरात होती ना. वहीही नाही. ती शवपेटीत तिच्या हाताखाली ठेवली, तिनेच तसं सांगितलं होतं. म्हणाली, तिकडे कोणी काही विचारलं तर धड बोलता यायला हवं. मी तेव्हा हसलो, तिला हसवायचं होतं म्हणून. तेव्हा तुला दाखवायला माझ्याकडे काही नाही.

तू येऊ नकोस. रागाने लिहीत नाही. तीन आठवडे रोज तुला ये म्हणून लिहायला बसत होतो, ते होत नाही. तू आलीस की पुढच्या खोलीत बसशील, आणि मी दारातून तुझ्याकडे बघेन, आणि मला तिथे भिंतीवरचा फेब्रुवारीतला कागद दिसेल. तू माझ्यासाठी जेवण करशील आणि मी तोंड उघडण्याआधी मनातल्या मनात वाक्य जुळवेन. ते एकेचाळीस वर्षांत हाडात गेलंय, तू नको म्हणालीस तरी जायचं नाही. मग मी गप्पच बसेन. दोन म्हातारी गप्प बसलेली, त्यापेक्षा एकेकटं बरं. खोलीला कुलूप लावलंय. चटई बेसीने नेली, कुत्र्याखाली घालायला. लीकची रोपं मरू दिली.

कॅनडातल्या भावाचं वाचून मात्र बरं वाटलं. इंजिनिअर झालो म्हणायचा. त्यालाच पत्र लिहीत जा, तो माझ्यापेक्षा चांगलं लिहीत असेल.

छाती हल्ली दिव्यांच्या खोलीतही साथ देत नाही. जरा बरं नाही. हे लिहिलं ते तू धावत यावंस म्हणून नाही, तुला आता अर्थ कळतो म्हणून.

तुझं पत्र सोबत परत पाठवतोय, आपल्यात तशी पद्धत आहे. ऑलिव्हच्या शिवणाच्या डब्यात लाल पेन्सिलीचा तुकडा होता, तो टोक करून घेतला. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा एकेका शब्दाखाली बोट धरून. खूण करावी अशी जागा कुठे सापडली नाही.

सेप